मदत हवी आहे: किडनीचा त्रास असताना फणस, आठळ्या, फणसपोळी यातलं काय चालतं?

नमस्कार मंडळी, फणसावरून घरात रोज वाद होतोय म्हणून इथे विचारतोय. अण्णांचं (वय ७१) क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वर्षभर वाढतंय, डायलिसिस नाही अजून, पण मागच्या रिपोर्टात पोटॅशियम ५.६ आलं आणि डॉक्टरांनी केळं, शहाळं बंद केलं. बीपीसाठी आईने कौतुकाने आणलेलं लो सोडियम मीठ पण बंद, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

आता आम्ही लांज्याकडचे, पडवीत पाच कापे फणस पिकून घमघमतायत. डॉक्टरांच्या बंदच्या यादीत फणसाचं नाव नाही म्हणून अण्णा म्हणतात लिहिलं नाही म्हणजे चालतं. मी शोधलं तर पिकलेल्या गऱ्यात १०० ग्रॅमला साधारण ४५० मिलिग्रॅम पोटॅशियम, केळ्यात ३६० च्या आसपास, म्हणजे केळं बंद करून आम्ही त्याच्या वरचढ फळ खायला घालणार. काट्यावर ठेवून बघितलं तर आठळी काढलेले चार गरे शंभर ग्रॅम भरले, आणि अण्णा चारावर कधी थांबलेत? शेजारचे काका नुसते बीपीवाले, त्यांची किडनी ठणठणीत, ते समोर बसून मिटक्या मारतात.

खरा घोळ पुढे आहे. आई आठळ्या लाल मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवते, आमटीत घालते, निखाऱ्यावर भाजून पण देते. त्यांचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो, कोणी ओल्या आठळीचा देतो तर कोणी वाळवलेल्या पिठाचा, काही ताळमेळच लागत नाही. आठळ्या उकडून पाणी टाकलं तर पोटॅशियम कमी होतं का? आणि फणसपोळी? गऱ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, ते उडालं की उरलेल्यात सगळं आटून येणार ना? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा, नुसतं 'नैसर्गिक आहे, खाऊ द्या' नको.

प्रतिसाद:
दादा, माझ्या सासूबाई डायलिसिसवर आहेत. तुमचं फणसपोळीचं गणित बरोबर आहे, तळलेले गरे पण त्यातच धरा, वर मीठ. आठळ्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी फेकायचं, पोटॅशियम पाण्यात उतरतं, पण सगळं जात नाही. आमटीतच शिजवल्या तर ते आमटीत राहतं आणि भाजलेल्यात जाणार कुठे? पण ५.६ असताना प्रमाण इथे विचारू नका, रक्त परत तपासून डॉक्टरांना फणसाचं नाव घेऊन विचारा.

धागाकर्ता:
धन्यवाद ताई. उद्या सकाळी रक्त द्यायला नेतोय. पडवीतले फणस तोवर काकांकडे पाठवलेत, अण्णा बोलत नाहीयेत माझ्याशी.