घरात लहान मुलं आणि लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा): तुम्हाला तुमचा/तुमची कशी मिळाली?

आज कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यातून लेकीचा लाकडी ठोकळा निघाला, 'अ' अर्धा गायब आणि कडेला बारीक दातांच्या खुणा. तिथेच फतकल मारून बसले. ढब्बूला जाऊन तीन वर्षं झाली, साडेअकरा वर्षांचा होऊन गेला. त्यात परवा बहिणीचा फोन, तिची जुळी दोन वर्षांची आहेत, म्हणते लॅब घेऊ का, मुलांसाठी लॅबच बेस्ट ना? मला हो पण म्हणवेना आणि नाही पण.

कारण आम्ही ढब्बूला फक्त रंग बघून आणला होता. सगळ्यात फिकट हवा, एवढीच अट. ब्रीडरने (कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारा) चार पिल्लं पुढ्यात आणून ठेवली, आई कुठेय विचारलं तर म्हणे तिला बरं नाहीये, आणि आम्ही शहाण्यासारखं मान डोलावून सव्वा महिन्याचं पिल्लू घरी आणलं. आठ आठवडे तरी आईजवळ ठेवायचं असतं हे कोणाला ठाऊक! भावंडांशी खेळतानाच ती शिकतात की किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो. ते शिक्षण आमच्या पोरांच्या पोटऱ्यांवर झालं. मोठी सहा, धाकटा तीन. धाकटा दोन महिने जमिनीवर उतरलाच नाही, सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर. पुढे फार गोड कुत्रा झाला तो, पण ते आमच्या अकलेने नाही, त्याच्या नशिबाने.

तर लिहा. चांगलं वाईट सगळं. बहिणीला लिंक पाठवणारे.

———

सोफ्यावरून खुर्चीवर, हाहाहा. आमच्याकडे सेम, फक्त टेबलावर नवरा.

———

आम्ही पिल्लू घेतलंच नाही. मुलं चार आणि सात, दोघांच्या नोकऱ्या, रात्री उठून शू करायला नेणार कोण? चार वर्षांची काळी मादी मिळाली, तिच्या घरच्यांना दूर जायचं होतं. तीनदा भेटायला गेलो, मुलांना घेऊन. पहिल्यांदा सगळेच छान वागतात (मुलंही आणि कुत्रीही). तिसऱ्या खेपेला धाकटीच्या हातून स्टीलचं ताट पडलं, फरशीवर, केवढा आवाज. कुत्री दचकून उठली, दोन पावलं मागे गेली, आणि मग परत येऊन ताट हुंगलं, धाकटीचा हात चाटला आणि आडवी झाली. बास, तिथेच ठरलं. दचकतात सगळेच हो, दचकल्यावर किती वेळात भानावर येतात ते बघायचं. लहान मुलांच्या घरात दिवसाला चाळीस ताटं पडतात.

मोठ्या कुत्र्याचा एक फायदा कोणी सांगत नाही, जे आहे ते दिसतं. पिल्लात अंदाजच असतो सगळा.

———

+१ ताटाला. आमच्या व्हेटनेही (प्राण्यांचे डॉक्टर) हेच सांगितलेलं, पिल्लांमधून निवडताना अंगावर झेपावत येणारं पण नको आणि कोपऱ्यात बसलेलं पण नको, मधलं बघा. आणि आई बघितल्याशिवाय पिल्लू उचलू नका. आई परक्यांना बघून गुरगुरत असेल तर पिल्लं कितीही गोंडस असू देत, मागे फिरायचं. "बरं नाहीये" म्हणाले तर बरं वाटल्यावर येतो म्हणायचं.

———

गोल्डन लॅब मिळेल का कुठे मुलांना तोच हवाय

———

अहो गोल्डन लॅब असं काही नसतं, लॅब पिवळा, काळा नाहीतर चॉकलेटी. तुम्ही म्हणताय तो गोल्डन रिट्रीव्हर असेल, लांब केसांचा, ती जात वेगळी. एकाच वेतात तिन्ही रंगाची पिल्लं होऊ शकतात, त्यामुळे रंगावरून स्वभाव ठरवू नका. जाता जाता, ब्रिटनमधल्या लॅबवर २०१८ साली एक अभ्यास आला होता, त्यात चॉकलेटी लॅबच्या आयुष्याचा मध्यक (मीडियन) १०.७ वर्षं आणि बाकी रंगांचा १२.१. कान आणि त्वचेचे त्रासही चॉकलेटींना जास्त. हाच रंग मिळावा म्हणून ठरावीक जोड्या लावत राहतात त्याचा हा परिणाम असावा, असं त्यात म्हटलं होतं.

———

आम्हाला कोणी सांगितलंच नाही की लॅबमध्ये पण दोन घराणी असतात. एक प्रदर्शनात दाखवायचं, भरदार, पसरून झोपणारं. दुसरं कामाचं, सडपातळ, मैदानात शिकारीचे पक्षी आणून द्यायला तयार केलेलं. आमच्याकडे दुसरं. दीड तास पळवून आणला की पाणी पिऊन परत दाराशी हजर. आणि आणून द्यायची खोड रक्तातच, काहीही आणून देतो. पाहुणे बसलेत, गप्पा रंगल्यात आणि हा धाकट्याचं शीचं भांडं तोंडात धरून, शेपूट हलवत, हॉलच्या मधोमध. भरलेलं.

———

मेले. भरलेलं.

———

वाचतेय रोज, लिहू की नको चाललं होतं. आम्ही परत दिला.

मोठा अडीच वर्षांचा असताना पिल्लू आणलं, तेव्हा मला माहीत नव्हतं की दिवस गेलेत. बाळ आलं तेव्हा तो दहा महिन्यांचा, २८ किलो. चावरा नव्हता, वाईट अजिबात नव्हता. पण त्या वयात त्यांना आपलं शरीर कुठे संपतं तेच कळत नाही, शेपटीचा फटका मोठ्याच्या बरोब्बर तोंडाच्या उंचीवर. तो पडायचा, रडायचा, कुत्रा आनंदाने आणखी उड्या मारायचा, बाळ उठायचं. मी टाके घातलेली. संध्याकाळी फिरवायला कोणी नाही, मग तो दार ओरबाडायचा आणि मी ओरडायचे. एक दिवस त्याने माझ्याकडे बघून तोंड फिरवलं आणि जीभ ओठांवरून फिरवली, ते घाबरल्यावर करतात हे मला नंतर कळलं. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, हा चुकीचा नाहीये, आपली वेळ चुकलीय.

ज्यांच्याकडून घेतला होता त्यांनी एका शब्दाने न दुखावता परत घेतला. घेतानाच म्हणाले होते, कधीही जमलं नाही तर दुसरीकडे देऊ नका, माझ्याकडे आणा. आता तो एका मोठ्या मुलांच्या घरी आहे, फोटो येतात. मोठा अजून विचारतो.

———

ताई, मिठी. परत घेणारा ब्रीडर मिळाला हेच केवढं मोठं. बहिणीला सांगा, पहिला प्रश्न हाच विचार म्हणावं, जमलं नाही तर परत घ्याल का. कसा चेहरा होतो बघायचा.

———

आणि दुसरा प्रश्न आईवडलांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे. लॅबमध्ये सांध्यांचं दुखणं फार. आमच्याचं आठव्या महिन्यात कळलं. दुखरा कुत्रा आणि अंगावर लोळणारं पोर म्हणजे कधीतरी गुरगुरणारच. आणि कृपा करून गुरगुरला म्हणून मारू नका, ती सूचना असते. सूचना बंद केलीत तर पुढच्या वेळी थेट दात. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रा, कितीही शांत असला तरी, दोघंच खोलीत नाहीत. मी तर न्हाणीघरात पण एकाला घेऊन जायचे.

———

न्हाणीघरात कोणाला? कुत्र्याला की मुलाला?

———

जो जास्त शांत असेल त्याला बाहेर ठेवायचे. नाही नाही, दाराला जाळीचं फाटक होतं हो.

———

खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही? आमची कुत्री मुलीच्या उंच खुर्चीखालीच राहते. घरातली सर्वांत लठ्ठ सदस्य. २०१६ मध्ये केंब्रिजवाल्यांनी शोधलंय, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एक जनुक अर्धवट असतं, त्यामुळे त्यांना भूक जास्त लागते. आता तिच्यावर चिडता पण येत नाही. पण मुलांच्या हातातली द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यावर डोळा ठेवा, कुत्र्यांना विषारी. आमची बेदाण्याची पुडी फस्त करून व्हेटकडे उलटी काढायची वेळ आलेली.

———

अवांतर: आमच्याकडे मांजर आहे, चालेल का लिहिलेलं

———

मांजर काय करणार मुलांचं, मांजर मुलं पाळतं.

———

धागाकर्ती. इतकं लिहिलंत, दोनदा वाचलं. परत दिलेल्या ताईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं. बहिणीला लिंक पाठवली, तिचं म्हणणं, जुळी चार-पाचची होऊ देत, तोवर दर रविवारी शेजारच्या म्हाताऱ्या लॅबला फिरवायला नेतो, बघू आमचाच दम टिकतो का. मी म्हटलं पावसात पण जा. ता.क. केस गळण्याबद्दल तिने विचारलंय, काय सांगू?

———

वर्षभर गळतात आणि वर्षातून दोनदा जास्त गळतात, असं सांगा.

———

काळे कपडे देऊन टाका म्हणावं. व्हॅक्यूम हवाच. पण तो आपोआप फिरणारा गोल वाला घेऊ नका, पिल्लू असताना तर मुळीच नको.

———

का हो? आम्ही तोच घेणार होतो

———

पिल्लाने रात्री हॉलमध्ये शी केली आणि पहाटे पाचला तो आपला वेळेवर सुरू झाला. घरभर. बेडरूममध्ये पण.