मारिओ मेकरचा तिसरा भाग आला तर जुन्या लेव्हलचं काय?

वारणाकाठ, सांगली: मारिओ मेकर म्हणजे मारिओच्या लेव्हल (खेळाचे टप्पे) स्वतः बनवायचा निन्टेन्डोचा गेम. निन्टेन्डोच्या स्विच २ या नव्या कन्सोलसाठी त्याचा तिसरा भाग यावा असं मनापासून वाटतं, पण धाकधूकही आहे. दुसऱ्या भागात केलेल्या लेव्हल पुढे नेता येतील का? आत्तापासून काय जपून ठेवावं?

कासपठार, सातारा: भावा, भरवसा ठेवू नकोस. वी यू या जुन्या कन्सोलवरच्या पहिल्या भागात नवीन लेव्हल टाकणं ३१ मार्च २०२१ ला बंद झालं आणि त्या लेव्हल दुसऱ्या भागात आल्याच नाहीत. नकाशा स्वतः उतरवून ठेव. कडेपासून २४-२४ चौकटी सरकत स्क्रीनशॉट काढ, सबएरियाचे, म्हणजे लेव्हलला जोडलेल्या दुसऱ्या भागाचे, वेगळे. पाइपच्या आत काय भरलंय ते वहीत लिही. ऑटोस्क्रोलचा (पडदा आपोआप सरकण्याचा) वेग आणि क्लिअरची (लेव्हल पूर्ण करण्याची) अटही लिही, हेच हमखास राहून जातं.

मिरजकर: मला खरी काळजी थ्रीडी वर्ल्ड शैलीची. लेव्हल वेगवेगळ्या जुन्या मारिओ गेमच्या रूपात बनवता येते, त्यातलीच ही एक शैली. बाकीच्या चार शैली अदलाबदल करता येतात, पण हिच्याकडे वळलं की मांडलेलं सगळं पुसलं जातं. ही भिंत नव्या भागात पडलीच पाहिजे. स्विच डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) असताना टच चालत नाही, बटणांनी एकेक ठोकळा लावणं फार रटाळ. स्विच २ चा कंट्रोलर जॉय-कॉन २ माउससारखा चालतो, त्याचा इथे सोन्यासारखा उपयोग होईल.

कासपठार, सातारा: आणि ऑनलाइन चौघांच्या खेळात एकाचं नेट रेंगाळलं की चौघंही अडखळतात. तोवर वायफाय सोडून लॅन केबल लावा. जुन्या स्विचच्या डॉकला यूएसबी अ‍ॅडॅप्टर लागतो, ओएलईडी स्विचच्या डॉकला केबल थेट बसते.