मदत हवी आहे : आजीची १९७१ची पत्रं कशी जपायची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. १९७१च्या युद्धात आजोबा सीमेवर होते. आजीला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची अन् शाळेतले गुरुजी लिहायचे. पत्त्यात गाव नाही, नुसतं युनिट अन् ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. आजोबांनी परत आणलेली ती निळी अंतर्देशीय पत्रं परवा पेटीत सापडली. एकात आहे, 'पऱ्हाटीचा (कपाशीचा) दुसरा वेचा झाला, गाय व्याली, पोराला दात आला.' मनातलं एक अक्षर नाही. गुरुजींसमोर कसं सांगणार बिचारी! खाली मात्र तिच्या अंगठ्याचा ठसा.

घड्या फाटताहेत, शाई उडतेय. लॅमिनेशन करायला मन धजत नाही. नागपूर-अमरावतीकडे जुने कागद नीट करणारं कोणी माहीत आहे का? तोवर कशात ठेवू? आजीला वाचून दाखवायची आहेत.