स्प्रिंग निवडण्याआधी वजन पाहा

तुमच्या १९६९ च्या शेवरोले कॅमारो गाडीचं नाक, म्हणजे पुढचा भाग, दोन इंच खाली कसं आणायचं असं तुम्ही विचारलंत. त्यासाठी स्प्रिंगही दोन इंच आखूड घ्यावी, असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे; तो कृपया पाळू नका. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यावर), चाकापासून बरीच आत बसते. त्यामुळे स्प्रिंग साधारण एक इंच आखूड झाली की चाकापाशी जवळजवळ दोन इंचांचा फरक पडतो. दोन इंच आखूड घेतलीत तर गाडी बंप स्टॉपवरच (चाकाची वरची हालचाल रोखणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) टेकेल.

मुळात स्प्रिंग वजनावरून ठरते. तुमचं इंजिन ३५० घन इंचांचं स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान आणि हलक्या बांधणीचं आहे, त्यात हेड अॅल्युमिनियमची आणि एसी काढलेला. बिग ब्लॉकची, म्हणजे मोठ्या, जड इंजिनासाठीची स्प्रिंग टाकलीत तर नाक खाली यायच्या ऐवजी वर जाईल. विक्रेत्याला हे सगळं सांगून मगच स्प्रिंग मागवा.

स्प्रिंगचं वेटोळं कापायचंच असेल तर अर्धं कापा, बसवा, मोजा. कटिंग व्हील वापरा, गॅसची ज्योत अजिबात नको. उष्णतेने पोलादाचा ताव उतरतो. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, त्यामुळे शॉक अॅब्सॉर्बरही त्या मानाने बघावे लागतील.

आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करा. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) त्यानंतर.