डबस्टेपमधली शांतता, आणि तिला लावलेली परकी नावं

मंद्रसप्तक (ठाणे)

गेल्या रविवारी मित्राच्या गाडीतून लोणावळ्याहून परत येत होतो. पाऊस धो धो, काचेवर वायपर, आणि मी लंडनच्या बेरिअल या संगीतकाराचा 'अनट्रू' लावला. मागच्या सीटवर मित्राचा भाचा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. मी सहज म्हणालो, डबस्टेपमधला माझा सगळ्यात लाडका आल्बम. तर तो म्हणाला, "काका, हे चिलस्टेप आहे. डबस्टेप म्हणजे ते मशीन गुरगुरल्यासारखं वाजतं ते."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढला. माझं म्हणणं असं: ती शांतता, तो ओलसर अंधार, दोन ठोक्यांमधली मोकळी जागा ही डबस्टेपची एखादी उपशाखा नाही. खोड तेच आहे. गुरगुराट नंतर आला आणि नाव घेऊन गेला.

ज्यांचा या संगीताशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला सरी स्ट्रीटवर बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. हॅचा हा डीजे तिथे काउंटरवर असायचा. स्क्रीम आणि बेंगा ही तेव्हा शाळकरी पोरं. त्यांच्या आसपासच्या मंडळींनी गराज या लंडनच्या क्लबांतल्या नाचाच्या संगीतातला गाणारा गळा काढला, चकचकाट काढला आणि खाली उरलेला बेस मोठा केला. ही युक्ती मूळची जमैकाची. किंग्स्टनमध्ये किंग टबी १९७०च्या दशकात तयार गाण्यातले एकेक आवाज मिक्सरवर बंद करायचा आणि उरलेल्यावर प्रतिध्वनी सोडायचा. 'डब' म्हणतात तो हाच. म्हणजे काढून टाकणं हे या संगीताच्या नावातच आहे!

गती मिनिटाला साधारण १४० ठोके. पण स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) पडतो तिसऱ्या मात्रेवर, एकदाच, त्यामुळे अंग ७०च्या चालीनं डोलतं. ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालू असल्यासारखं वाटतं, आणि मधल्या जागेत बेस श्वास घेतो. २००५च्या मार्चमध्ये ब्रिक्स्टनच्या सेंट मॅथ्यूज चर्चच्या इमारतीत 'डीएमझेड'च्या रात्री सुरू झाल्या. 'या, बेसच्या वजनावर ध्यान करा' अशा अर्थाचं त्यांचं आवतण असायचं. लोकांना नाचायला बोलावताना ज्यांनी ध्यान हा शब्द वापरला, त्यांचं संगीत 'खरं डबस्टेप नाही' असं आज कुणी म्हणावं?

पुढचं माहीत आहेच. ऑक्टोबर २०१०मध्ये स्क्रिलेक्स या अमेरिकन डीजेचं 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' आलं, २०१२ला त्याला एकदम तीन ग्रॅमी मिळाले, आणि जगाच्या लेखी डबस्टेप म्हणजे तोच आवाज झाला. मग शांत बाजूला नवी नवी नावं चिकटत गेली: पोस्ट-डबस्टेप, फ्यूचर गराज, चिलस्टेप. घराचा मालक ओसरीवर आणि भाडेकरू माजघरात. मला ही नावं मान्य नाहीत.

तिसरी_मात्रा

लेख मनापासून लिहिलाय, पण साक्षीदार चुकीचा उभा केलात. मी तबला वाजवतो, त्यामुळे आधी ठेका बघतो. तुम्हीच लिहिलंत की डबस्टेपमध्ये स्नेअर तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडतो. 'अनट्रू'मधलं 'आर्केंजल' काढा आणि हातानं ताल धरा. तिथे एकदाच पडत नाही. तो टू-स्टेप गराजचा ठेका आहे, अडखळत, लंगडत चालणारा.

शिवाय बेरिअलची रीतच वेगळी. ठोके चौकटीत बसवून देणारं सिक्वेन्सर त्यानं वापरलं नाही. साउंड फोर्ज या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या लाटा डोळ्यांनी बघत एकेक तुकडा हातानं ठेवला. चांगला ठेका पडद्यावर माशाच्या काट्यासारखा दिसतो, असं त्यानं मुलाखतीत सांगितलं होतं. (हे वाचल्यावर मी खरंच सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. मधला कणा आणि दोन्हीकडे लहानमोठे काटे, बांगड्याचा असावा तसा.) त्याच मुलाखतीत तो 'जंगल' (गराजच्या आधीचं, वेगवान ठेक्यांचं क्लब-संगीत) आणि गराजबद्दल जीव तोडून बोलतो, थोरल्या भावांनी ऐकवलेल्या संगीताबद्दल. मग 'फ्यूचर गराज' हे नाव परकं कसं? माणूस ज्या घरचा आहे तेच आडनाव लावलंय.

मंद्रसप्तक (ठाणे)

@तिसरी_मात्रा, ठेक्याचा मुद्दा मान्य, तिथे मी घाईत लिहिलं. पण मग त्याच्याच २००६च्या पहिल्या आल्बममधलं 'नाइट बस' कुठे ठेवणार? त्यात ठेकाच नाही. बंदिशीआधीचा आलाप तबल्याविना असतो म्हणून कुणी तो मैफलीबाहेर काढत नाही. ज्या हायपरडबनं हे आल्बम काढले ते कोडनाइन या डीजेचं लेबल, आणि कोडनाइन या मंडळींच्या पहिल्या फळीतला. माणसं तीच, रात्री त्याच, बेस तोच. मग एका ठेक्यावरून त्याला वेगळं बिऱ्हाड का करायला लावायचं?

अनुजा_के

मंद्रसप्तक, तुम्हाला ही नावं नकोत. मला मात्र हे संगीत त्या नावांमुळेच मिळालं.

२०१३ साली मी पुण्यात हॉस्टेलवर होते. रूममेटची नाइट शिफ्ट, त्यामुळे रात्री खोलीत एकटी. भिंतीला ओल धरलेली, खिडकीबाहेर पार्किंगचा एक पिवळा दिवा. कुणीतरी बेरिअलचं एक गाणं पाठवलं होतं, ते महिनाभर तेच तेच ऐकत होते. तसंच आणखी हवं होतं. 'डबस्टेप' असं शोधलं की तुमच्या मित्राच्या भाच्याला अपेक्षित असलेलं सगळं समोर यायचं. कंटाळून सोडून दिलं. मग कुणाच्या तरी कॉमेंटमध्ये 'फ्यूचर गराज' हे दोन शब्द दिसले, आणि त्या एका रात्रीत क्लबरूट सापडला, मँचेस्टरचा सिंक्रो सापडला. सकाळी रूममेट आली तेव्हा मी जागीच होते.

तुम्हाला हे संगीत क्रॉयडनच्या गोष्टीसकट मिळालं असेल. मला पत्ता लागला. नाव म्हणजे माझ्यासाठी पत्ता. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, वाढले त्यांचे शिष्य इकडेच, तरी घराण्याचं नाव उत्तरेतल्या कैराना गावावरून किराणाच राहिलं. मिरजेच्या कुणाला त्यामुळे बेघर झाल्यासारखं वाटत नाही. नाव कुठून आलंय ते सांगतं, आत काय आहे ते कानानं ठरवायचं.

आणि नावांची भांडणं तुम्ही म्हणता तशी २०१०नंतरची नाहीतच. वायली या लंडनच्या रॅपरनं २००४मध्ये 'वॉट डू यू कॉल इट?' असं गाणंच काढलं, आम्ही करतो त्याला म्हणायचं तरी काय, गराज की आणखी काही? ग्राइम (वायलीसारख्यांचं रॅप) आणि डबस्टेप एकाच गराजच्या पोटातून निघालेली भावंडं, आणि पाळण्यापासून हा वाद चालू आहे.

मंद्रसप्तक (ठाणे)

अनुजाताई, किराणा हे नाव तालीम कुठून आली ते सांगतं, म्हणून ते टिकलं. 'पोस्ट-डबस्टेप' काय सांगतं? डबस्टेप संपल्यानंतरचं, एवढंच. जेम्स ब्लेकचा आल्बम २०११ला आला तेव्हा त्याला सर्रास हेच लेबल लागलं. त्याच वर्षी 'डीएमझेड'वाल्या मालाचं डीप मेडी हे लेबल मूळ पद्धतीच्या रेकॉर्डी काढत होतं. घरात माणसं राहत असताना घराला 'माजी' म्हणायचं?

डॉल्बीवाला_कराड

मी इकडे सहसा वाचतो फक्त. आज लिहितो, कारण विषय माझ्या धंद्याचा निघाला. आमचा डॉल्बीचा धंदा आहे, वडिलांपासून. बेस आणि टॉपचे खोके उचलून मोठा झालो. डबस्टेपशी माझी ओळख स्क्रिलेक्सनं करून दिली आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दादा, तुम्ही 'गुरगुराट बाहेरून आला' या थाटात लिहिलंय. ते बरोबर नाही. 'डीएमझेड' ज्यांचं, त्यांतलाच कोकी. त्याचं २००७चं 'स्पंजबॉब' ऐका, त्याच लेबलवर निघालेलं. तो वॉबल (हेलकावे खाणारा बेस) म्हणजे गुरगुराटच आहे, मालकाच्या सख्ख्या माणसानं केलेला. ध्यान आणि धिंगाणा एकाच छपराखाली होते, तुम्ही नंतर भिंत घातलीत.

आता मला वाटतं तो खरा फरक सांगतो. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते. ती काढायला १८ इंची स्पीकर लागतो, तोही एक पुरत नाही. आम्ही सिस्टिम उभी केली की आधी नुसता खालचा टोन सोडतो. खोक्यावर पाण्याची अर्धी बाटली ठेवायची. १०० हर्ट्झला छातीत धक्का बसतो. ४०ला कानाला जवळजवळ काही कळत नाही, पण बाटलीतल्या पाण्यावर बारीक जाळी उठते आणि चपलेतून तळपायाला मुंग्या येतात. मालाचं 'चेंजेस' मी पहिल्यांदा मोबाइलवर ऐकलं तेव्हा वाटलं, अर्धं गाणं गायबच आहे. सिस्टिमवर लावलं तेव्हा कळलं की गाणं त्या अर्ध्यातच होतं.

मोबाइलच्या स्पीकरला ४० हर्ट्झ जमतच नाही. मग पोरांना मोबाइलवर, लॅपटॉपवर डबस्टेप ऐकवायचं तर बेस वरच्या पट्टीत आणावा लागणार, त्याला दात लावावे लागणार. तेच झालं. स्क्रिलेक्सनं तुमचं घर बळकावलं नाही, ऐकायचं यंत्र बदललं. आणि तुमचा शांत डबस्टेपही त्याच कारणानं बदलला: बेस पातळ झाला, वर पावसाचा आवाज, रेकॉर्डची खरखर, बाईचा दूरचा गळा. हेडफोनला तेच झेपतं. चिलस्टेप आणि ब्रोस्टेप (स्क्रिलेक्सच्या थाटाचा गुरगुराट) या दोघांची आई एकच, लहान स्पीकर. तुम्ही एकाला मालक म्हणता आणि दुसऱ्याला भाडेकरू.

तिसरी_मात्रा

@डॉल्बीवाला_कराड, या धाग्यातला आतापर्यंतचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. बेरिअलवर मात्र थोडा अन्याय झाला. तो आपलं काम रात्री गाडीत लावून, दक्षिण लंडनमधून फिरून तपासायचा. गाडीचा स्पीकर मोठा नाही, पण लहानही नाही.

क्रॉयडनकर

मी गेली नऊ वर्षं इथे राहतो, सरी स्ट्रीट चालत बारा मिनिटांवर. शनिवारी भाजीला तिथेच जातो. वाडग्यात रचलेली फळं, एक पौंडाला एक वाडगा, ओरडणारे विक्रेते, भेंडी आणि आंबेही मिळतात. बिग ॲपल २००४मध्येच बंद झालं. पहिल्यांदा मुद्दाम बघायला गेलो तेव्हा हातात पालेभाजीची पिशवी घेऊन बराच वेळ नुसता उभा होतो.

मंद्रसप्तक, तुमची भावना पोचली, पण 'डबस्टेप' हे नाव तरी खोडातून फुटलंय असं समजू नका. ते २००२च्या सुमारास रुळलं, आणि रुळवण्यात 'फॉरवर्ड' ही क्लबची रात्र भरवणाऱ्या आणि टेम्पा लेबल चालवणाऱ्या मंडळींचा हात मोठा होता. रेकॉर्ड विकायच्या तर खोक्यावर काहीतरी लिहावं लागतं. त्याआधी हीच मंडळी गराज, डार्क गराज असं काहीबाही म्हणत होती. तेव्हा तुम्ही जे मूळ नाव म्हणून जपताय तेही कुणीतरी चिकटवलेलं लेबलच.

दुसरं असं की वातावरण फक्त आवाजात नव्हतं. 'फॉरवर्ड' पुढे शोरडिचच्या प्लास्टिक पीपलमध्ये भरायची. छोटंसं तळघर, जवळजवळ पूर्ण काळोख. गाणी डबप्लेटवर यायची, म्हणजे ॲसिटेटची तबकडी, जी काही डझन वेळा वाजवली की झिजते. बाजारात महिनोन् महिने न मिळणारं, वाजेल तसं विरत जाणारं गाणं काळोखात उभं राहून ऐकायचं. ते तळघर २०१५ला बंद झालं. मला त्यात जाता आलं नाही, याची हळहळ कायमची. नाव परत मिळवून ती खोली परत मिळणार नाही, म्हणून मी नावासाठी भांडत नाही.

मंद्रसप्तक (ठाणे)

डॉल्बीवाला दादा, 'भाडेकरू' हा शब्द मागे घेतो. कोकीचं उदाहरण मी सोयीस्करपणे विसरलो होतो. तरी वाद सोडत नाही. क्रॉयडनकर, नाव चिकटवलेलं असेल, पण ज्यांनी ते अंगावर घेतलं ते अजून हयात आहेत, वाजवताहेत. मालाच्या 'चेंजेस'चा तुकडा एक्सएक्सएक्सटेन्टासियोन या अमेरिकन रॅपरच्या 'लुक ॲट मी'मध्ये कोट्यवधी लोकांनी ऐकलाय. त्यांतल्या कितीजणांना तो डबस्टेप म्हणून ठाऊक आहे? गाणं पोचलं आणि नाव वाटेत गळालं. मला तेच सलतं. भाच्याला मी त्याच दिवशी 'चेंजेस' पाठवलं, 'हे डबस्टेप आहे' एवढंच लिहून.

अनुजा_के

त्यानं ऐकलं का ते सांगा. आणि एक विचारून बघा: बेरिअल वाजल्याबरोबर तो ओळखीचं ऐकल्यासारखं बोलला, म्हणजे या वाटेवर तो आधीच आलेला होता. तो तिथे कसा पोचला? माझी खात्री आहे, रात्री अभ्यासाला म्हणून 'चिलस्टेप' असं टाइप करूनच. तुम्हाला जे नाव नको आहे, त्याच नावानं त्या पोराला तुमच्या गाडीत बसायच्या आधीच तुमच्या बाजूला आणून ठेवलं होतं.