ईएसबीएल रिपोर्ट: सगळ्यात लहान एमआयसी मेरोपेनेमचा, मग तेच सुरू करायचं का?

उमरेड_जीपी: बाई ५२ वर्षांच्या. लघवीला जळजळ, ताप नाही, कुशीत दुखत नाही, क्रिएटिनिन ०.८. नागपूरहून कल्चर आलं: ई. कोलाय, मिलिलिटरला १ लाखावर, ईएसबीएल (सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम) बनवणारा. एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ६४ (आर, चालणार नाही), पिप-टॅझो (पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम) ८ (एस, चालेल), मेरोपेनेम ०.२५ (एस), फॉस्फोमायसिन १६ (एस), नायट्रोफ्युरँटॉइन ३२ (एस). मेरोपेनेमच ना?

सूक्ष्मदर्शी: नाही जी. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचेच नसतात. प्रत्येकाची पासाची रेघ वेगळी: मेरोपेनेम १, नायट्रोफ्युरँटॉइन ३२, फॉस्फोमायसिन ६४. नायट्रो काठावर पास दिसतं, पण ते रक्तात जेमतेम आणि लघवीत भरपूर साठतं. दुखणं मूत्राशयातलंच आहे, तर १०० मिग्रॅ एसआर (सावकाश सुटणारी गोळी) दिवसातून दोनदा, जेवणासोबत, ५ दिवस. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असेल तर नको. नाहीतर फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमचं एकच पाकीट, रात्री लघवी करून आल्यावर. थंडी-ताप किंवा कुशीत दुखणं सुरू झालं तर दोन्ही बाद, कारण किडनीच्या पेशींत ती पुरेशी पोचत नाहीत.

रात्रपाळी: ताप आला तर पिप-टॅझो चालेल ना? एस आहे.

सूक्ष्मदर्शी: रक्तात जंतू असतील तर मुळीच नको. लॅबच्या नळीत मिलिलिटरला ५ लाख जंतू असतात. शरीरात ते कितीतरी जास्त, तेवढंच एन्झाइमही जास्त, आणि त्या एन्झाइमला अडवणारं टॅझोबॅक्टम अपुरं पडतं. २०१८ च्या मेरिनो चाचणीत ३० दिवसांतले मृत्यू पिप-टॅझोवर १२.३ टक्के, मेरोपेनेमवर ३.७.

नमुना_आधी: पस सेल (लघवीतल्या पांढऱ्या पेशी) किती? मे महिन्यात उमरेडहून दुपारच्या एसटीने नमुना आला असेल तर १ लाख वाटेतच झाले असतील. गरमीत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. २ तासांत लॅब, नाहीतर ४ अंशांवर बर्फाची पेटी. बोरिक अ‍ॅसिडची ट्यूब असेल तर रेघेपर्यंत भरा. लघवी कमी पडली की अ‍ॅसिडच जंतू मारतं आणि कल्चर कोरं येतं.

उमरेड_जीपी: पस सेल २०-२५. नायट्रो लिहितो. उद्या मेरोपेनेमच आर आलं तर?

सूक्ष्मदर्शी: मेरोपेनेम तोडणाऱ्या एन्झाइमचा कोणता जीन जंतूत आहे, ते आधी विचारा. केपीसी किंवा ओएक्सए-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम; त्यातलं अ‍ॅव्हिबॅक्टम या एन्झाइमांना अडवतं. एनडीएम हे तसंच तिसरं एन्झाइम जस्तावर चालतं, त्याला अ‍ॅव्हिबॅक्टम अडवत नाही. अ‍ॅझट्रिओनाम या अँटिबायोटिकला मात्र एनडीएम तोडू शकत नाही. त्याला तोडतं ते सोबतचं ईएसबीएल, आणि त्याचं तोंड अ‍ॅव्हिबॅक्टम बंद करतं. म्हणून सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम दोन्ही मिळून, एकाच वेळी, भरती करून. पाठोपाठ लावली तर मेळच बसत नाही. पण तक्रार नुसत्या जळजळीची असेल, तर एनडीएममध्येही आधी रिपोर्टातली फॉस्फोमायसिनची ओळ वाचा.