विषय: सुट्टीत इटलीतच फिरले (लांबलेलं पत्र)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या जेवणात आपल्या मंडळाच्या खजिनदार काकांनी बजावलं होतं, "फिरून आलीस की ईमेल लिस्टवर लिही, नुसते फोटो टाकू नकोस." म्हणून हे.

आधी कबुली. मी इटलीतच फिरले ते काही इटलीच्या प्रेमापोटी नाही. दुसरं वर्ष लागलं, पेर्मेस्सोची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपली. पोस्टात नूतनीकरणाच्या अर्जाचं किट भरलं, १६ युरोंचा स्टँप चिकटवला, हातात पावती आली. या पावतीवर इटलीत राहता येतं, थेट विमानाने घरी जाऊन येता येतं, पण शेंगेनमधल्या (एका व्हिसाच्या युरोपातल्या) दुसऱ्या देशात पाऊल टाकता येत नाही. वर्गातली मुलं प्राग आणि पॅरिस करत होती, मी बोलोन्या स्टेशनवर रेजोनालेचं तिकीट काढत होते.

रेजोनाले म्हणजे आपली पॅसेंजर. दर अंतरावर ठरलेला, महिनाभर आधी काढा की पाच मिनिटं आधी, पैसे तेवढेच. जागा राखीव नाही, पण मिळते. फ्रेच्चारोसा या वेगवान गाडीचं भाडं मात्र विमानासारखं वरखाली होतं, ते आपल्या खिशाला नाही. नव्यांसाठी एक: कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात ठोकून घेतल्याशिवाय चढू नका. "मी विद्यार्थिनी, मला माहीत नव्हतं" हे टीसीला रोज ऐकायला मिळतं. आणि संपाच्या दिवशी घाबरू नका. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात.

सगळ्यात लांबचा प्रवास सिसिली बेटावरच्या पालेर्मोचा, रोमहून रात्रीच्या गाडीने. पहाटे डबे गडगडायला लागले म्हणून उठले तर गाडी बोटीच्या पोटात! मेसिनाच्या सामुद्रधुनीवर पूल नाही, म्हणून अख्खी गाडी तुकडे करून बोटीत घालतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. वर डेकवर जाऊन चहा घेतला (चहा कसला, गरम पाणी आणि दोऱ्याला बांधलेली पुडी), खाली आपलीच गाडी उभी. रेवस ते भाऊचा धक्का एवढाच माझा बोटीचा अनुभव, त्यामुळे मी जरा जास्तच हरखले असेन.

पालेर्मोत तीन दिवस मी एकच गोष्ट खाल्ली. पाने ए पानेल्ले. बेसन पाण्यात घोटून शिजवायचं, थापायचं, तुकडे करून तळायचे आणि तीळ लावलेल्या पावात घालायचे. वर लिंबू पिळा. पाटवडी तळून वडापाव केला, बस. गाडीवाल्याला मी म्हटलं, आमच्याकडे हे असंच करतात. तो म्हणाला, नाही करत.

बोलोन्याचं काय लिहू, तुम्ही सगळे येऊन गेलात. पावसात छत्रीशिवाय फिरता येतं ते पोर्तिकोंमुळे, म्हणजे कमानींखालच्या छताच्या पदपथांमुळे. टेकडीवरच्या सान लुका चर्चपर्यंतच्या ६६६ कमानी तेवढ्या चढून आले. पदवी घेण्याआधी आसिनेल्ली मनोरा चढला तर पदवीच मिळत नाही अशी इथल्या विद्यार्थ्यांची समजूत आहे. शेजारचा गारिसेंदा जास्त कलल्यामुळे २०२३ पासून आसिनेल्लीही बंद, त्यामुळे माझा मोह आपोआप टळला.

तुमची,
बोलोन्यावाली

---

उत्तर: सुट्टीत इटलीतच फिरले

अगं, छान लिहिलंस. पण पालेर्मोपर्यंत गेलीस आणि जेनोव्हाला काकूकडे नाही आलीस? आमची फारिनाता तुझ्या त्या पानेल्लेच्या तोंडात मारेल. तेच बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, पण तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेली. धिरड्याची श्रीमंत बहीण.

शाकाहारी पोरांनो, एक लक्षात ठेवा. रोमान्या भागात पियादीना (तिथली पातळ पोळी) घेताना "स्त्रुत्तो आहे का?" विचारा. पुष्कळ ठिकाणी कणीक डुकराच्या चरबीत मळतात. तेलातली मागितली तर मिळते. पार्मेजानो चीजचं विचारू नका, त्यात वासराच्या पोटातलं विरजण असतं. मी पंचवीस वर्षं खाते आणि सासूबाईंना सांगितलेलं नाही. (त्या या लिस्टवर नाहीत.)

जेनोव्हाची काकू

---

उत्तर: उत्तर: सुट्टीत इटलीतच फिरले

चि. बोलोन्यावालीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. एक काम सांगू का? जमलं तरच कर.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. आम्ही माणगावकडचे, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आता रायगड. "इटलीत पडला" एवढंच घरात ठाऊक. नाईक यशवंत घाडगे आमच्याच बाजूचे. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, तरी एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. मग शत्रूच्या गोळीने गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे, लहानपणी आम्ही त्याच्याकडे बघत एसटीची वाट बघायचो.

आजीच्या भावाचा पुतळा नाही, फोटोही नाही. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे असं वाचलं. तुझ्या गाडीच्या वाटेवर आहे. तिथे त्याचं नाव आहे का बघशील? नाव वेगळं पाठवतो, लिस्टवर नको.

तुझा,
खजिनदार काका

---

विषय: फोर्लीला जाऊन आले

काका,

पहिल्या रविवारी पोहोचलेच नाही. बसच्या वेळापत्रकात "फेरियाले" लिहिलं होतं. "फेरिए" म्हणजे सुट्टी, मग फेरियाले म्हणजे सुट्टीच्या दिवशीची बस, असा मी हिशेब केला. आहे नेमकं उलटं! फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, शनिवार धरून. दोन वर्षं इटालियन शिकून हे. स्टेशनबाहेर दीड तास बसून परत आले.

मग शनिवारी गेले. तेव्हाही ड्रायव्हरला नुसतं "युद्धाची दफनभूमी" म्हटलं असतं तर चुकले असते, कारण फोर्लीत दोन आहेत. "इंदियानो" म्हटल्यावर त्याने मान हलवली.

जागा छोटी आहे. गवत कापलेलं, कुणी नव्हतं. एका बाजूला कबरी, पाचशेच्या आसपास. त्यातल्या मुसलमान सैनिकांच्या नावांवर मी बराच वेळ थांबले, कारण पंजाबपासून दक्षिणेपर्यंतची माणसं एका रांगेत आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला होता, त्यांची नावं दहनस्मारकावर कोरली आहेत. साडेसातशेच्या वर. पलटणीनुसार लावलेली, म्हणून मराठा लाइट इन्फन्ट्री लगेच सापडली. आणि काका, तिथे मग कॉलेजातला हजेरीपट वाचतेय असं झालं. मोरे, शिंदे, पवार, जाधव, कदम. रोमन लिपीत, संगमरवरी थंडीत. मी मोठ्याने वाचली सगळी. का ते माहीत नाही, कुणी नव्हतं म्हणून असेल.

तुमच्या आजीच्या भावाचं नाव नाही. पहिलं नाव जुळणारे दोघे आहेत, आडनाव वेगळं. घरी येऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवरही शोधलं. तिथे बापाचं नाव आणि गावही देतात, पण स्पेलिंग साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं. दोघेही सातारा जिल्ह्यातले निघाले. सर्व्हिस नंबर मिळाला तर पक्कं कळेल.

येताना एक झालं. कास्तेल बोलोन्येसेच्या अलीकडे गाडी एका नदीवरून जाते. नदी कसली, ओढा, पण दोन्ही काठांना उंच बांध. हा पूल मी पन्नास वेळा ओलांडला असेन, नाव बघितलं नव्हतं. सेनिओ. नकाशात खाली खाली बघत गेले, तर याच नदीवर ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातले, एकामागून एक दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून घेऊन आले, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्यांना बोलावलं. ते वाचले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ च्या पुरात कास्तेल बोलोन्येसेत पाणी शिरलं ते याच सेनिओचं. तेव्हा मला या नदीबद्दल एवढंच माहीत होतं.

बोलोन्यावाली

---

उत्तर: फोर्लीला जाऊन आले

नावं मोठ्याने वाचलीस हे बरं केलंस.

माणगावला चुलत भावाला फोन केला. ट्रंकेत पेन्शनचा कागद निघाला, नंबर आहे. जावयाने साइटवर घातला. ज्यांची कबर सापडली नाही किंवा माहीत नाही अशांची नावं रोमच्या दक्षिणेकडच्या कॅसिनो या गावातल्या स्मारकावर आहेत, चार हजारांहून जास्त. त्यात आजीचा भाऊ आहे. घाडगेही तिथेच. वडिलांचं नाव बरोबर, गाव चुकीचं लिहिलंय, पण कळतं.

खजिनदार काका

---

उत्तर: उत्तर: फोर्लीला जाऊन आले

काका, मध्ये बोलतो. घाडग्यांसाठी मोंतोनेला २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचं स्मारक केलंय. पेरुजाच्या वर डोंगरातलं गाव आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, सारे एकाच सूर्याखाली. गाडीशिवाय जाणं कठीण, पण माझ्याकडे गाडी आहे आणि चार जागा आहेत. आधी कॅसिनो की आधी मोंतोने तेवढं ठरवा.

पेरुजाचा दादा

---

उत्तर: उत्तर: उत्तर: फोर्लीला जाऊन आले

आधी कॅसिनो. रोमहून रेजोनालेने दोनेक तास लागतात. शनिवारची, फेरियालेची गाडी मी तीनदा तपासली आहे. काकूंनी फारिनाता बांधून द्यायचं कबूल केलंय, जागा त्यांनाही ठेवा.

काका, नारळ मी इथल्या बांगलादेशी दुकानातून आणते. तुम्ही फक्त तो ट्रंकेतला कागद मागवून घ्या, झेरॉक्स नको.

बोलोन्यावाली